सामाईक बाग: जूनमध्ये सगळे येतात, मेमध्ये पाणी कोण घालतं?

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत 40 फुटांचा एक पट्टा आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे राडारोडा पडलेला असायचा, आज दहा वाफे आहेत. सुरुवात खरं तर ओल्या कचऱ्यामुळे झाली. 2016 च्या घनकचरा नियमांनंतर मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो. आमच्याकडे खत तयार होऊ लागलं, पण ते न्यायला कोणी येईना. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्या ढिगात लाल भोपळ्याच्या चार बिया खोचल्या. वेल भिंत ओलांडून पलीकडे गेला आणि नवरात्रात अकरा भोपळे उतरले. ते पाहून बाकीचे खाली आले.

मृगाचा पाऊस पडला की वीस-वीस घरं उतरतात. भेंडी, गवार, दोडका, काकडी लावायला मुलांची झुंबड उडते. गणपतीपर्यंत सगळं छान चालतं. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मात्र वांगी उभ्या उभ्या वाळली, कारण पाणी घालणारी चारही घरं एकाच आठवड्यात गावी गेली होती. फुलावर आलेली झाडं होती ती, अजून आठवलं की वाईट वाटतं.

आता लिफ्टशेजारी पाळीचा कागद असतो. प्रत्येक वाराला दोन घरं, आणि दोघांनी एकाच वेळी गावाला जायचं नाही. वॉचमनदादांवर हे काम टाकायचं नाही, हेही पहिल्याच बैठकीत ठरवलं. ते बारा तास ड्यूटी करतात, बाग आपण हौसेनं घेतली आहे.

तुमच्याकडे काय लावता, कधी लावता, पाणी कोण बघतं, भाजी कशी वाटता? फसलं असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

डोंबिवली

आमची बाग गच्चीवर. मातीचं ओझं स्लॅबवर नको म्हणून श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गटातून रुजलेली अमृतमातीची, म्हणजे पालापाचोळ्यातून बनवलेल्या हलक्या मातीची वाट धरली. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं पोत्यानं मिळतात, ती उन्हात कडकडीत वाळवतो. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ घालून तीन दिवस ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळायचं. त्यात चिपाडं आणि पालापाचोळा भिजवून थरावर थर, मध्ये मूठ-मूठ माती. काही महिन्यांत हाताला लागते ती काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या जंगलासारख्या वासाची माती. पहिल्यांदा ती ओंजळीत घेतली तेव्हा आमच्यातल्या एका आजोबांना त्यांचं मुरबाडकडचं शेत आठवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अडचण आली ती गळतीची. सर्वात वरच्या मजल्यावर ओल दिसली आणि बाग काढा म्हणून पत्र आलं. आम्ही भांडलो नाही. सगळे वाफे विटांवर चार इंच उचलले, खालची फरशी कोरडी ठेवली आणि पंधरा दिवसांनी सगळ्यांना वर बोलावून दाखवली. ओल तशीच होती, कारण गळत होता टाकीचा पाइप. गच्चीवर करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वाफे उचलूनच ठेवावेत.

नागपूर

पुण्या-मुंबईच्या लोकांना आमचा मे समजणार नाही. पारा 45 ला टेकला की सकाळी घातलेलं पाणी दुपारी नसतंच. आमच्या लेआउटच्या मोकळ्या भूखंडावर आम्ही नऊ घरं मिळून भाजी करतो. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार इतका होतो की गल्लीत वाटावा लागतो. (सांबार म्हणजे कोथिंबीर, बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो.) उन्हाळ्यात फक्त चवळी, गवार आणि वांगी जगवायची.

ती जगतात मडक्यांमुळे. साधं, रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती वीतभर अंतरावर रोपं, मडक्यात पाणी, वर झाकण. मडकं झिरपत राहतं आणि मुळं त्याला येऊन बिलगतात. मागच्या वर्षी एक मडकं फुटलं म्हणून उकरलं, तर बाहेरून पांढऱ्या मुळांची जाळीच विणलेली होती. घरातलं जुनं मडकं वापरू नका, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. एकदा भरलं की दोन-तीन दिवस बघावं लागत नाही, त्यामुळे पाळी चुकली तरी झाड मरत नाही. वर हिरवी शेडनेट हवीच.

ठाणे

आमची बाग बंद पडली. त्याचं कारण पाणी किंवा कीड नव्हे, तर वाटणी. वर्षभर पाचच जण राबायचे. भाजी तयार झाली की जो आधी उठेल तो तोडून न्यायचा. एका ताईंनी तीन महिने जपलेल्या पडवळाला पहिलं फळ लागलं आणि त्या नाशिकला असताना ते गेलं. त्या परत कधी खाली आल्या नाहीत. आम्ही कोणी त्यांची समजूत काढायला गेलो नाही, ही चूक आमची. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी तोडणीचा वार आणि वेळ बी पेरायच्या आधी ठरवावी.

सावंतवाडीजवळचं एक गाव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पोषण आहाराच्या भाजीत आमच्या परसबागेतली भाजी पडते. लाल माठ, मुळा, भेंडी, वाल मुलांनीच लावलेले. मुलं स्वतः लावलेला मुळासुद्धा खातात, हे प्रत्येक वर्षी बघते आणि प्रत्येक वर्षी आनंद होतो.

सुट्टीत शाळा बंद, तेव्हा पाणी बचत गटातल्या बायका घालतात. त्याबदल्यात एप्रिल-मेमधली सगळी भाजी त्यांची. हा व्यवहार सरळ बोलून ठरवला आणि पाच वर्षं एकदाही मोडला नाही.

वानरांचा मात्र फार त्रास. काकडी, भोपळा हाताशी येऊ देत नाहीत. आता कडेनं अळू, हळद, सुरण लावतो. त्यांना आमच्याकडची वानरं शिवत नाहीत.

फोंडा, गोवा

आमच्या वाड्यावर भाताची कापणी झाली की त्याच जमिनीत वायंगणची, म्हणजे हिवाळी भाजी. तांबडी भाजी, मुळे, मिरच्या, अळसांदे (चवळी). पूर्वी प्रत्येक घर आपापलं करायचं, मग तरुण मंडळी शहरात गेली आणि तुकडे पडीक राहू लागले. आता सात घरांनी मिळून दोन तुकडे घेतले आहेत. विहिरीच्या पंपाची पाळी संध्याकाळी असते. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून सजवतात त्या माटोळीला लागणारी काकडी, दोडकी, चिबूड यांचे वेल पावसाळ्यात आवर्जून वाढवतो. आपल्या मातीतलं फळ माटोळीला बांधायचं समाधान वेगळंच.

एडिसन, न्यू जर्सी

इथे मृग नाही, मदर्स डे आहे. मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंत थंडीची भीती असते, म्हणून दुधी, कारलं, वांगी यांची रोपं मार्चपासून घरात खिडकीशी वाढवायची आणि मग बाहेर काढायची. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दव गोठलं की वेल एका रात्रीत काळा पडतो. आपल्याकडे वर्षाचे बारा महिने मिळतात, इथे जेमतेम पाच, त्यामुळे इथलं कोणी सुट्टीवर जाताना शेजारच्या वाफ्यावर सांगून जातं.

दोन वर्षं माझ्या दुधीला फळ धरत नव्हतं. शेजारच्या गुजराती मावशींनी दाखवलं: दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. मग सात-साडेसातला जायचं, नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि ज्या फुलाखाली बोटाएवढा दुधी आहे त्याच्यावर हळूच फिरवायचं. त्या वर्षी सतरा दुधी निघाले.

आई इथे आली होती तेव्हा बागेच्या स्वच्छतेच्या दिवशी माझ्यासोबत आली. सगळे तण उपटून ढीग करत होते आणि आई त्या ढिगासमोर उभी राहिली. "अगं, हा चाकवत आहे. आणि ही घोळ." खरंच होतं. दोन पिशव्या भरून घरी आणलं, ताकातला चाकवत केला. दुसऱ्या शनिवारी तिनं तो डब्यातून बागेत नेला. आता आजूबाजूचे लोक चाकवत उपटतात आणि माझ्या वाफ्याच्या कडेला जुडी करून ठेवतात.

नाशिक

आम्ही बियांकडे लक्ष देतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपून जी बँक उभी केली, तिच्यापासून हे मनावर घेतलं. एक वर्ष दुकानातल्या संकरित भोपळ्याचं बी धरलं होतं, तर पुढच्या वर्षी प्रत्येक वेलाला वेगळंच फळ आलं, काही कडक, काही बेचव. तेव्हापासून बी धरायला फक्त गावरान वेल, आणि त्यावरचं सगळ्यात चांगलं फळ न तोडता पूर्ण पिकू द्यायचं. वाल-घेवड्याचं बी राखेत घोळून डब्यात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायकांनी प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी बियांच्या पुड्या वाण म्हणून दिल्या. पुडीवर जात, तोडणीचा महिना आणि कोणाच्या वेलाची ते लिहिलं होतं.

पुन्हा पुण्याहून

सगळ्यांचे अनुभव काल रात्री बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवले. ठाण्याचं ऐकून सगळे गप्प झाले होते. तोडणी आता रविवारी सकाळी आठ वाजता, सगळ्यांसमोर, आणि ज्यांनी तो वेल जपला त्यांचा पहिला हक्क.

आज सकाळी कुंभारवाड्यातून बिनरंगाची सहा मडकी आणली. पाच वाफ्यांत पुरली आहेत, सहावं उद्या. बाकीचे चार वाफे पाइपनंच भिजवणार, म्हणजे फरक कळेल. नागपूरकर, मडक्याचं तोंड जमिनीच्या किती वर ठेवायचं तेवढं सांगा.