व्हिक्टोरियाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

मॉरिशसला पाँपलमूसच्या बागेतल्या लांबट तळ्यात ती प्रचंड पानं पाहिली. आपल्या पुरणाच्या परातीसारखी गोल, कड सगळीकडून उभी वळलेली. मुलीने विचारलं, "बाबा, या कमळाचं नाव काय?" मी "राक्षसी कमळ" असं सांगून मोकळा झालो, पण तेव्हापासून तो शब्द टोचतोय. एवढ्या देखण्या झाडाला राक्षसी का म्हणायचं? आणि हे कमळ तरी आहे का? फोटोत एक कळी आहे, तळापासून टोकापर्यंत काटेच काटे. शेजारचं फूल गुलाबी, मिटत आलेलं. जातही कळली तर बरं.

उत्तर

"राक्षसी" तर जाऊ द्याच, "कमळ"ही जाऊ द्या. कमळाचं पान देठावर पाण्याच्या वर उभं राहतं आणि त्याला चीर नसते. फूल दिवसा उमलतं, मधोमध झारीच्या तोंडासारखा भोकाभोकांचा गड्डा असतो, त्यातच बिया. वनस्पतिशास्त्रात कमळाचं कूळ वेगळं आहे, तुमच्या तळ्यातली वनस्पती म्हणजे व्हिक्टोरिया, ती कुमुदाच्या, म्हणजे वॉटर लिलीच्या कुळातली. आपण मराठीत दोघांनाही सर्रास "कमळ" म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

संस्कृतात मात्र हा भेद चोख होता. अमरकोशात "सिते कुमुदकैरवे" आहे, म्हणजे पांढरं असेल तर कुमुद किंवा कैरव. कवींचं कुमुद चंद्र उगवल्यावर उमलतं. आता व्हिक्टोरियाचं फूल बघा. संध्याकाळी उमलतं, पहिल्या रात्री पांढरंशुभ्र असतं. त्या रात्री ते चक्क गरम होतं आणि गोड वासाने भुंगेरे आत ओढले जातात. मग फूल मिटतं, भुंगेरे आत अडकतात. दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन उघडतं तेव्हा परागांनी माखून ते बाहेर पडतात. म्हणजे तुम्ही पाहिलेलं फूल दुसऱ्या फेरीचं. मला तर "कुमुद" याहून चपखल शब्द सुचत नाही. "महाकुमुद" म्हणा.

उत्तर

जातीबद्दल. कळीवर शेवटपर्यंत काटे असतील तर ती व्हिक्टोरियाची ॲमेझोनिका ही जात. क्रुझियाना या दुसऱ्या जातीच्या कळीला काटे फक्त बुडाशी असतात, वर ती गुळगुळीत. क्रुझियाना दक्षिणेकडच्या पाराग्वे-पाराना नद्यांच्या खोऱ्यातली, थोडं गार पाणी सोसते, तिच्या पानाची कडही जास्त उंच. या दोघींचा संकर अमेरिकेतल्या लाँगवुड बागेने १९६१ साली केला आणि तो जगभर लावला जातो. म्हणून एका कळीवर निकाल देऊ नका. पानाची कड, खालची बाजू आणि शक्य असेल तर बीसुद्धा बघा.

तिसरी जात बोलिव्हियाना. तिचे वाळवलेले नमुने लंडनच्या क्यू बागेत १७७ वर्षं ॲमेझोनिका समजून ठेवलेले होते. वेगळी जात म्हणून ती जाहीर झाली २०२२ मध्ये! पान तीन मीटरच्याही वर जातं, तिघींत सर्वांत मोठं.

उत्तर

नावाचा आणखी एक धागा, मला तो फार आवडतो. लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये राणीच्या नावाने "व्हिक्टोरिया रेजिया" असं नाव दिलं, पण त्याआधी १८३२ मध्ये पोपिग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हीच वनस्पती "युरियाले अमेझोनिका" म्हणून नोंदली होती. जातीचं जुनं नाव टिकतं, म्हणून आज ती ॲमेझोनिका. आणि युरियाले म्हणजे कोण? आपला मखाना! बिहारच्या तळ्यांत वाढणारा, काटेरी पानांचा, उपासाला आपण तुपात परततो तो. पोपिगला जवळचं नातं बरोबर दिसलं होतं. दक्षिण अमेरिकेतही क्रुझियानाच्या बिया खात, म्हणून स्पॅनिशमध्ये तिला "पाण्यातला मका" म्हणत.

थायलंडमध्ये हिचं नाव धान्य पाखडायच्या सुपावरून पडलंय, तिकडचं सूप गोल असतं. गुआरानी भाषेतल्या "इरुपे" या नावातही पाणी आणि ताटासारखं भांडं आहे. पानाकडे पाहिल्यावर सगळ्यांना स्वयंपाकघरच आठवलं. तुम्हालाही परातच आठवली, मग "परातकुमुद" का नको? "महाकुमुद" पुस्तकी वाटतं. परातीची उपमा ऐकली की उभी कड डोळ्यांसमोर येते आणि नेमकी तीच या झाडाची खूण आहे.

प्रश्नकर्ता

फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. काटे टोकापर्यंत आहेत, पण पानाची खालची बाजू दिसत नाही, तेव्हा "बहुधा ॲमेझोनिका" एवढंच वहीत लिहितो. मुलीला दोन्ही शब्द सांगितले. तिने "परातकुमुद" उचलला आणि लगेच विचारलं, "मग आपल्या गावच्या तळ्यातलं ते पांढरं कमळ, ज्याच्या पानाला चीर असते, ते पण कुमुदच ना?"

हो, तेही कुमुदच.