मालकाची गाडी बघून गिऱ्हाईक काम देतं का?

चिरेबंदी (गुहागर)
गेली 16 वर्षं चिऱ्याच्या घरांची कामं घेतोय. पायापासून कौलांपर्यंत सगळं. फिरायला, माल आणायला एकच जुनी पिकअप. तिचं डावीकडचं दार खाऱ्या हवेनं खालून खाल्लंय, तारेनं बांधून ठेवलंय.

मे महिन्यात बोरिवलीचे एक काका गावची जागा दाखवायला आले. मी वेळेआधी पोचलो, टेप काढला आणि गडग्याच्या कडेनं मापं घ्यायला लागलो. काका आपल्या गाडीत एसी लावून बसलेले. वीस मिनिटांनी काच खाली करून म्हणाले, "अरे, तुझे शेठ कधी येणार?" मीच तो, म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पुढची बोलणीही 'अरे-तुरे'तच झाली. काम दुसऱ्याला गेलं. त्याचा दर माझ्यापेक्षा चढा होता, पण तो मोठ्या पांढऱ्या एसयूव्हीतून उतरला होता.

माझं मत सांगतो. चांगलं काम आपोआप बोलतं म्हणतात, पण ते बोलतं घर उभं राहिल्यावर. त्याआधी गिऱ्हाईकापुढे असतं काय? माणूस, त्याची वही आणि बांधावर उभी केलेली गाडी. ठेकेदार उचल घेऊन काम अर्ध्यावर टाकेल, ही धास्ती मुंबईत बसलेल्या माणसाला असतेच. बरी गाडी दिसली की त्याला वाटतं, याचं नीट चाललंय, हा पळायचा नाही. म्हणून हप्त्यावर मोठी गाडी घ्यायचं मनात आहे. मतं सांगा, विरोधातली आधी.

बागवाला (देवगड)
दादा, विरोधातलं मागितलंत म्हणून अनुभव लिहितो. मी हापूसच्या बागा कराराने घेतो. मोहोर यायच्या आधी बागमालकाच्या ओटीवर बसून आकडा ठरतो. जुन्या गाडीतून जायचो तेव्हा घासाघीस व्हायची आणि चहाबरोबर सौदा मिटायचा. नवी गाडी घेतली त्या वर्षी त्याच ओटीवर आजोबा पानाला चुना लावत गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुका आता काय कमी आसा?" आकडा तिथेच वाढला तो खाली आलाच नाही. त्या मोसमात दोन बागा हातच्या गेल्या.

तुमचं बरं चाललंय हे गाडी सांगते, मान्य. पण ते कोणाच्या पैशावर, हा विचारही समोरच्याच्या मनात येतोच. आता बागा बघायला स्कूटर. मोठी गाडी निघते ती वाशीच्या फळबाजारात जाताना, कारण तिथे दलालाकडे उचल मागायची असते.

तारकर्लीची ताई
बागवाले भाऊ, म्हणजे वाशीला तुम्हीही गाडीच दाखवता! चिरेबंदीदादांचं म्हणणं वेगळं कुठे आहे?

आमचा होमस्टे आहे. पाहुणे कुडाळ स्टेशनला उतरतात, आम्ही आणायला जातो. आमच्या घराची पहिली खोली म्हणजे आमची गाडी. एकदा मागच्या सीटखाली सुक्या बांगड्यांची पिशवी राहिली होती. पाहुण्यांच्या मुलीनं सगळी वाट ओढणी नाकाला लावली. घरी पोचल्यावर त्यांनी आधी न्हाणीघर उघडून बघितलं, मग खोली. खोली चकचकीत होती, तरी दोन दिवस ते संशयानंच वावरले. आता गाडी तीच आहे, दर खेपेआधी झाडून पुसून निघते. किंमत कोणी विचारत नाही. पण गाडीचा परिणाम होत नाही असं म्हणू नका, होतो.

मालवणी मुलूख
गाडी बघान कोण काम देना नाय, हात बघान देतत. आमच्या वाडीत ज्या गवंड्यानं निम्मी घरं बांधली त्याच्याकडे आजही सायकल आहे.

चिरेबंदी (गुहागर)
वाडीत त्याचे हात सगळ्यांनी लहानपणापासून बघितलेत. बोरिवलीच्या काकांनी माझे कधी बघितले होते?

हिशेबनीस (चिपळूण)
आकडे मांडतो. 15 लाख कर्ज, 9 टक्के व्याज, 5 वर्षं: हप्ता सुमारे 31,100 रुपये. जून ते सप्टेंबर तुमचं बांधकाम बंद, हप्ता मात्र चालूच. म्हणजे पावसाळ्याचे सव्वा लाख काम नसताना भरायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आहे, मोठ्यांवर 40. जीएसटी नोंदणी असली, गाडी धंद्यासाठी घेतली, तरी तुमच्यासारख्या ठेकेदाराला अशा प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करता येत नाही. मालवाहू पिकअपवर मिळतं. आयकरात घसारा (गाडीची किंमत दरवर्षी घटते म्हणून धरायचा खर्च) 15 टक्के, तोही कर भरण्याइतका नफा असेल तर कामाचा.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे वह्या येतात, त्यात हेच दिसतं: हप्ता चुकू नये म्हणून एका घराची उचल बँकेत जाते, मग चिरेखाणीचं बिल थकतं, मग काम थांबतं. गिऱ्हाईकाला ज्याची धास्ती होती तेच त्या गाडीपायी घडतं. काकांनी तुमची गाडी वाचली ती चुकीची, पण त्यासाठी तुम्ही तुमची रोकड घालवू नका.

चिरेबंदी (गुहागर)
साहेब, हिशेब पटला. पण गेलेल्या कामाचा आकडा कुठल्या वहीत लिहायचा? त्या एका घरात मला दीडएक लाख सुटले असते. अशी वर्षाला दोन कामं गेली तर? मोठी गाडी नाही घेत. छोटी, जुन्यातली, रोखीनं मिळेल ती बघतो. पिकअपचं दार उद्याच गॅरेजला देतोय, आणि दोन्ही बाजूंना नाव, गाव आणि 'चिऱ्याची घरं बांधून मिळतील' असं रंगवून घेतो. शेठ कोण, हे कोणी विचारायला नको. जुनी गाडी दिवाळीनंतर घेईन.

बागवाला (देवगड)
रोखीनं घेताय तर माझा विरोध नाही. पण दिवाळीनंतर तुमचे पाये खणायला सुरुवात होते. कामं ठरतात ती चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा. घ्यायचीच असेल तर गणपतीच्या आधी घ्या.