३७७ गेलं, पण भाड्याने घर?

कुणीतरी लिहिलंय की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, आता मुंबईत अशा जोडप्यांना कोण काय विचारतं, त्यावर थोडं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले हे खरंच मोठं काम झालं, पण त्याने भाड्याचं घर नाही मिळत. आमच्या दादरच्या सोसायटीत दोन मुली फ्लॅट बघायला आल्या होत्या, ब्रोकरने सगळं जुळवलं आणि टोकन द्यायच्या दिवशी सेक्रेटरींनी विचारलं "तुमचं नातं काय", त्यांनी खरं ते सांगितलं, झालं, दुसऱ्या दिवशी तोच फ्लॅट मालकाच्या भाच्याला हवा होता! मला अजून राग येतो. नुसत्या मैत्रिणी म्हणाल्या असत्या तर चावी हातात होती. लग्नाचा कागद दाखवावा तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते संसदेचं काम म्हणे. ट्रान्स बायकांचं तर विचारूच नका, ट्रान्स लोकांच्या हक्कांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नालसा निकालाने आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क दिलाय तरी लोकलच्या लेडीज डब्यात त्या शेजारी बसल्या की पर्स पोटाशी घट्ट धरून सरकणाऱ्या बायका रोज दिसतात. तुमच्या सोसायटीत "फक्त फॅमिली" असा नियम असेल तर येत्या एजीएमला (वार्षिक सभेला) तो काढायचा ठराव मांडा, आमच्याकडे मी मांडणार आहे.