वेल्डहोवनला नोकरी, मग घर कुठे? ब्राबांतच्या हिरव्या गावात की आइंडहोवनमध्येच?

पाणंद (धागाकर्ता)

चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एएसएमएल आणि तिच्या पुरवठादार कंपन्यांमुळे नेदरलँड्सच्या ब्राबांत प्रांतातल्या वेल्डहोवन-आइंडहोवन पट्ट्यात मराठी कुटुंबं चांगलीच वाढली आहेत. भाड्याच्या घरातून निघायची वेळ आली की प्रत्येक घरात वाद एकच. शहरातलं रो हाउस घ्यायचं, की वाल्र, हेझे, न्यूनन, एर्सेल अशा गावातलं बागेचं घर?

माझं मत: मुलं दहाच्या आतली असतील तर गाव घ्या.

आधी एक गैरसमज दूर करतो. इथलं गाव म्हणजे आपल्याकडचं खेडं नव्हे. वाल्र कारखान्यापासून सायकलने वीसेक मिनिटांवर आहे. हेझेला रेल्वे स्टेशन आहे, तिथून आइंडहोवन साधारण दहा मिनिटं. एर्सेलमध्ये माध्यमिक शाळासुद्धा आहे. न्यूनन म्हणजे व्हॅन गॉगने १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे' हे चित्र जिथे रंगवलं ते गाव. मात्र तिथे स्टेशन नाही आणि वेल्डहोवनला जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं, हे नकाशा बघताना लक्षात येत नाही.

दुसरं, जमीन. पश्चिमेकडच्या खाउडा, रेउवेक भागात पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि चिकणमाती आहे. तिथे जमीन खचते, जुने लाकडी खांब कुजतात आणि पाया दुरुस्तीचा खर्च सहज एक लाख युरोच्या घरात जातो. ब्राबांतचा हा भाग वाळूचा आहे. बहुतेक जुनी घरं उथळ पायावर उभी आहेत आणि ठीक उभी आहेत. २०२४ पासून मूल्यांकन अहवालात पायाच्या जोखमीचं 'ए' ते 'ई' लेबल येतं, ते मात्र इथेही वाचाच.

तिसरं, भाषा. मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं, पाचव्या वर्षी सक्ती होते. गावच्या शाळेत इंग्रजीची पळवाट नसते, त्यामुळे डच लवकर येतं. चौथं, वाढायला जागा. मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून चार मीटरपर्यंतचं एकमजली बांधकाम बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय करता येतं. शहरातल्या आठ मीटरच्या अंगणात ते केलं तर अंगणच उरत नाही.

वाल्र आणि न्यूनन स्वस्त नाहीत. स्वस्ताईसाठी गाव, असं मी म्हणतच नाहीये.


तिरकस

असहमत. डच गावातली हिरवळ म्हणजे निसर्ग असं समजणं हीच पहिली चूक. ती हिरवळ कुणाचा तरी कारखाना आहे. फरक इतकाच, की त्याला छप्पर नाही.

ब्राबांत हा डुकरं आणि शेळ्यांचा प्रांत. २००७ ते २०१० या काळात इथेच शेळ्यांमुळे क्यू-फीवरची साथ पसरली आणि चार हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. शेळीफार्मच्या दोन किमीच्या आत राहणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण जास्त आढळल्यामुळे प्रांताने २०१७ मध्ये नवीन शेळीफार्म थांबवले. जुने आहेत तिथेच आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतात पातळ शेणखत घालतात. तेव्हा वास असा येतो की वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतात. घरं बघायला लोक जातात जून महिन्यातल्या शनिवारी, दुपारी. त्या वेळी सगळंच सुंदर दिसतं.

शांततेचंही तेच. बेस्ट, विंटल्र, क्नेख्सल ही गावं आइंडहोवन विमानतळाच्या आसपास. ओर्सखॉटला लष्करी तळ आणि सरावाचं माळरान. आणि ज्या ओकच्या रांगा फोटोत इतक्या छान दिसतात, त्यांवर मे ते जुलै मिरवणुकीने चालणाऱ्या केसाळ सुरवंटांचा मुक्काम असतो. त्यांचे केस वाऱ्याने उडतात, अंगाला खाज, डोळ्यांची आग. मुलांना घेऊन झाडाखाली बसायचे नेमके तेच महिने.


पाणंद

@तिरकस, मुद्दे खरे आहेत. पण हे सगळं घेण्याआधी तपासता येतं, तेही फुकट.

'ओम्खेव्हिंग्सलोकेट' या सरकारी साइटवर पत्ता टाकला की त्या जागेचे आणि शेजारच्या शेताचे नियम दिसतात: समोरचा मक्याचा तुकडा शेतीचाच राहणार, की तिथे ८० घरं मंजूर आहेत. 'अॅटलस लेफओम्खेव्हिंग'वर आवाजाचे नकाशे आहेत. घर पुन्हा बघायला जायचं ते आठवड्यातल्या सकाळी सातला, आणि वारा नैऋत्येचा असताना. इथे बराच काळ वारा तिकडूनच येतो, त्यामुळे त्या बाजूला फार्म असेल तर वास वर्षभराचा पाहुणा.

आणि शहराला काय सूट आहे? रिंगरोडचा आवाज रात्रीही थांबत नाही. शेणाचा वास हंगामापुरता येतो, डिझेलला हंगाम नसतो.


चुनाविटा

दोघंही गावाबद्दल बोलताय. पैसे घरात जातात, गावात नाही.

या गावांतला मोठा घरसाठा १९६५ ते १९८० मधला आहे, म्हणून क्रमाने बघायच्या गोष्टी:

तळमजल्याची जमीन. १९६५ ते १९८३ दरम्यान क्वाइताल आणि मांता या बनावटीचे तयार काँक्रीट स्लॅब बरेच वापरले गेले. काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात क्लोराइड घालत. त्याने आतली सळई गंजते, फुगते आणि खालून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. वरच्या लॅमिनेटवरून काही कळत नाही. तपासणाऱ्याला जमिनीखालच्या पोकळीत उतरावंच लागतं. कित्येक घरांत खाली उतरायचं झाकण नव्या लाकडी जमिनीने बुजवलेलं असतं, मग अहवालात 'पाहता आलं नाही' एवढंच येतं. बोली लावण्याआधी झाकण उघडून मागा. शंका असेल तर नमुना काढून क्लोराइड तपासता येतं.

अॅस्बेस्टॉस. वापरावर बंदी आली १९९३ मध्ये. बागेतल्या शेडचं करड्या रंगाचं पन्हळी छप्पर त्याआधीचं असेल तर तेच आहे असं धरून चाला. स्क्रूने बसवलेले अखंड पत्रे ३५ चौ.मी.पर्यंत घरमालक स्वतः काढू शकतो, पण आधी पालिकेला कळवावं लागतं. चिकटवलेले किंवा फुटलेले असतील तर परवानाधारक कंपनीच हवी. करारात 'अॅस्बेस्टॉस कलम' असतं, त्याचा अर्थ जबाबदारी तुमची.

वीज. या वयाच्या घरांत बऱ्याचदा एकाच फेजचं कनेक्शन असतं. हीट पंप, इंडक्शन शेगडी आणि गाडीचं चार्जिंग एकत्र आलं की तीन फेजचं, २५ अँपिअरचं लागतं. ब्राबांतमध्ये वीजजाळं तुडुंब भरलंय, कनेक्शन बदलून मिळायला वाट बघावी लागू शकते. विकणाऱ्याने नुकतेच सोलर पॅनल लावले म्हणून किंमत वाढवली असेल तर घासाघीस करा: दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करायची सवलत १ जानेवारी २०२७ ला संपते.

गवताने शाकारलेलं छप्पर दिसायला देखणं. ते २५-४० वर्षांनी बदलावं लागतं आणि आगीच्या विम्याचा हप्ता वेगळा. आधी विमा कंपनीकडून लेखी दर घ्या.

अवांतर: दक्षिण ब्राबांतच्या केम्पन भागातल्या गावांत, ब्यूडलच्या बाजूला तर विशेष, जुन्या पायवाटा आणि गाडीमार्गांत जस्त कारखान्याची राख भराव म्हणून टाकलेली असते. त्यात कॅडमियम आणि शिसं. तिथे भाजीचा वाफा करण्याआधी 'बोडेमलोकेट'वर पत्ता शोधा.


हिशोबनीस

चुनाविटांना +१. आता खिशाचं बघू, कारण गाव की शहर हे बहुतेक वेळा हातातली रोकड ठरवते.

कर्ज मिळतं घराच्या मूल्यांकनाच्या जास्तीत जास्त १०० टक्के. बोलीच्या नव्हे. एक उदाहरण: मागणी ५,५०,००० युरो, तुमची बोली ५,९०,०००, मूल्यांकन ५,७५,०००. फरक १५,००० स्वतःचे. हस्तांतरण कर २ टक्के म्हणजे ११,८००. नोतारिस (दस्त करणारा अधिकारी), दोन दस्त, १,८००. मूल्यांकन ७५०. कर्ज सल्लागार ३,०००. बांधकाम तपासणी ५००. तुमच्या बाजूचा माकेलार (घरांचा दलाल) ४,०००. बेरीज ३६,८५०. रंगरंगोटी आणि पडदे यात नाहीत, आणि डच लोक जाताना जमिनीवरचं लॅमिनेटही उचलून नेतात, तेही धरा.

३५ च्या आत वय आणि पहिलं घर असेल तर हस्तांतरण कर माफ, पण २०२६ मध्ये किंमत ५,५५,००० पर्यंतच. एक युरो वर गेला की पूर्ण किमतीवर २ टक्के. आणि वय बघतात दस्ताच्या दिवशी, करार केला त्या दिवशी नाही. नवरा-बायकोत एक ३३ ची आणि एक ३७ चा असेल तर त्याच्या अर्ध्या हिश्श्यावर कर लागतो. सरकारी कर्जहमीची मर्यादा २०२६ मध्ये ४,७०,०००, म्हणजे वाल्रमधलं कुटुंबाचं घर तिच्यात बसणं कठीणच.

उलट बाजूची एक सोय: ऊर्जा लेबल 'ई', 'एफ' किंवा 'जी' असलेल्या घराला ऊर्जाबचतीच्या कामांसाठी उत्पन्नाच्या निकषाबाहेर २०,००० पर्यंत जादा कर्ज मिळू शकतं. ते पैसे हातात येत नाहीत, वेगळ्या खात्यात राहतात आणि बिल दाखवलं की सुटतात.

पुण्याहून आईवडिलांकडून पैसे येणार असतील तर: एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते, तो विवरणपत्र भरल्यावर समायोजित होतो, पण तोवर पैसा अडकतो. भेट देणारे भारतात राहणारे भारतीय नागरिक असतील तर डच भेटकर लागत नाही. नोतारिस मात्र पैशाचा उगम विचारतोच. भेटपत्र, त्यांचं बँक स्टेटमेंट, फ्लॅट विकला असेल तर त्याचा दस्त, हे भाषांतरासह तयार ठेवा आणि रक्कम आधी स्वतःच्या इथल्या खात्यात आणा. आयत्या वेळी पळापळ झाली तर दस्ताची तारीख चुकते आणि करारात उशिराचा दंड लिहिलेला असतो.


सायकलची घंटा

पाणंद यांनी दहाच्या आतल्या मुलांचं सांगितलं. मुलं बाराची होतात, त्याचं काय? माध्यमिक शाळा गावात नसेल तर रोज आठ-दहा किमी सायकल, डिसेंबरच्या अंधारात आणि पावसात. डच मुलं जातात हे खरं. पण मराठी वर्ग, तबला, क्रिकेट हे सगळं शहरात, आणि तिथे नेणार कोण? दुसरी गाडी येते. विमा, रस्ता कर आणि पेट्रोल धरून ती महिन्याला तीन-चारशे युरो खाते, हे हिशोबनीसांच्या बेरजेत नाही.

आजी-आजोबा १८० दिवसांत ९० दिवसांच्या व्हिसावर येतात. शहरात ते बसने भारतीय किराणा दुकानात जातात, कुणाशी तरी बोलतात. लहान गावात बस तासाला एक, संध्याकाळी तीही नाही. काही ठिकाणी तर स्वयंसेवक चालवतात ती आठ आसनी. बाग कितीही छान असली तरी तीन महिने तिच्याकडे बघत बसणं म्हणजे शिक्षाच.

आणि डॉक्टर. कित्येक दवाखान्यांत नवीन रुग्ण घेणं बंद असतं. घर आधी घेऊन डॉक्टर नंतर शोधायचा, हा क्रम उलटा करा. एक फोन पुरतो.


तिरकस

भाषेच्या मुद्द्यावर मी पाणंद यांच्याकडे झुकतो, पण परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या ३० टक्के करसवलतीचं कुणी बोललंच नाही. ती पाच वर्षं टिकते आणि २०२४ पासून सवलत सुरू झालेल्यांना २०२७ पासून २७ टक्के होते. कर्ज बसतं एकूण पगारावर, हप्ता जातो हातात पडणाऱ्या पगारातून. ५,५०,००० चं कर्ज ४ टक्क्यांनी ३० वर्षं म्हणजे महिना सुमारे २,६२६ युरो. व्याजावर जास्तीत जास्त साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास करलाभ मिळतो, पण व्याज दरवर्षी घटतं, म्हणजे लाभही घटतो. सवलत संपल्यानंतरच्या पगारावर हा आकडा एकदा मांडून बघा, आजच्या नाही. दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्निया किंवा तैवानला बदली व्हायची शक्यता असेल तर गावही नको, शहरही नको. भाड्यानेच राहा.


पाणंद

@सायकलची घंटा, आजी-आजोबांचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर नाही. म्हणूनच स्टेशन असलेलं हेझे माझ्या यादीत वाल्रच्या वर आहे, कारखाना लांब पडतो तरीही.

बोलीबद्दल एक राहिलं. गर्दीत जिंकायला लोक 'कर्ज न मिळाल्यास करार रद्द' हे कलम काढून टाकतात. सही केलेल्या कराराची प्रत हातात आली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस फुकट माघार घेता येते. त्यानंतर कलम नसेल आणि बँकेने नकार दिला, तर किमतीच्या १० टक्के दंड, वरच्या उदाहरणात ५९,०००. तात्पुरत्या निवास परवान्यावर असलेल्यांना सगळ्या बँका कर्ज देत नाहीत, तेव्हा त्यांनी हे कलम काढूच नये, घर गेलं तरी चालेल.


चुनाविटा

सुरवंटांचं अर्धवट राहिलं. रस्त्याकडेचा ओक पालिकेचा असेल तर घरटी शोषून काढायचं काम पालिकेचं. तुमच्या हद्दीत असेल तर खर्च तुमचा, आणि तोडायचा म्हटलं तर अनेक पालिकांत परवाना लागतो. झाड हद्दीपासून दोन मीटर आणि कुंपणाची झुडपं अर्धा मीटर आत, हा साधारण नियम, पण पालिका कमी अंतर ठरवू शकते आणि जुन्या झाडांवर शेजाऱ्याची तक्रार चालेलच असं नाही. ओकचं खोड नेमकं कुणाच्या बाजूला आहे ते बोलीआधी कादास्टरच्या (भूमी अभिलेख कार्यालयाच्या) नकाशावर बघा. कुंपणावर विसंबू नका, ती बऱ्याचदा हद्दीवर नसतात.