युकॉन नदीवर कनूने जायचंय, गाइड घ्यावा का?

मुलुंडची_रानवेडी:
नमस्कार मंडळी, जुलैत मी, नवरा आणि नुकतीच दहावी झालेली लेक भावाकडे व्हँकुव्हरला जातोय, तिथून वर कॅनडाच्या उत्तरेकडच्या युकॉनला जाऊन व्हाइटहॉर्स शहरापासून नदीने कनू वल्हवत जायचं फार मनात आहे. डॉसन सिटीपर्यंत सातशे किमीच्या वर होतं, तेवढी सुट्टी नाही, म्हणून वाटेतल्या कारमॅक्स गावापर्यंतच, साधारण सव्वातीनशे. सह्याद्रीत भरपूर फिरलोय, हरिश्चंद्रगड, रतनगड, तंबूत राहायची सवय आहे, पण वल्हं तिघांपैकी कुणीच हातात धरलेलं नाही. घरचे सगळे अस्वलांचं घेऊन बसलेत. गाइड घ्यावा की कनू भाड्याने घेऊन आपलं आपण जावं?

गोरेगावकर_वल्हेवाला:
ताई, मी गेलोय या नदीवर, म्हणून कळकळीने सांगतो, अस्वलांपेक्षा पाण्याचा विचार आधी करा. व्हाइटहॉर्स सोडलं की थोड्याच अंतरावर लेक लबार्ज लागतो, पन्नास किमी लांबीचा तलाव, त्यात प्रवाहाची मदत जवळपास नाहीच, आणि वारा सुटला की बघताबघता मोठ्या लाटा उठतात. पाणी भर जुलैतही इतकं गार असतं की मध्यावर कनू उलटली तर काही मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात, मग कितीही चांगलं पोहता येऊ दे. त्यामुळे वेळ जास्त लागला तरी काठ सोडायचा नाही, लाइफ जॅकेट अंगावरच, आणि वारा असेल तर सरळ थांबायचं. रात्री दहा-अकरापर्यंत उजेड असतो, वारा पडल्यावर जेवून निघालात तरी चालतं.

नवख्यांसाठी माझं मत विचाराल तर टेस्लिन नदीने जा. जॉन्सन्स क्रॉसिंगला कनू पाण्यात घालायची, टेस्लिन पुढे हूटालिंक्वाला युकॉनला मिळते, म्हणजे तलाव टळतो आणि शेवट कारमॅक्सलाच. फाइव्ह फिंगर रॅपिड्स, म्हणजे खळाळत्या पाण्याचा अवघड टप्पा, कारमॅक्सच्या पुढे आहेत, ते तुम्हाला लागतच नाहीत. पण वल्हं धरलेलं नाही म्हणताय तर गाइड घ्याच, मुलगी सोबत आहे. आणि त्याआधी कोलाडला जाऊन कयाक किंवा कनू मुद्दाम उलटी करून परत आत चढायचा सराव तिघांनी करा, नुसतं राफ्टिंग करून येऊ नका. आपलं पाणी कोमट, त्यामुळे गारठ्याचा अंदाज तिथे येणार नाही, पण हातापायांना सवय होईल.

दादरचा_भटक्या:
अस्वलं आहेतच, काळी आणि ग्रिझली दोन्ही. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही, स्टोव्हच्या गॅस कॅनिस्टरचंही तेच, दोन्ही व्हाइटहॉर्सला घ्या. स्वयंपाक तंबूपासून लांब, आणि खाणंच नाही तर टूथपेस्ट, साबण, क्रीम सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात रात्री लांब ठेवायचं. शक्यतो नदीतल्या खडकाळ बेटावर मुक्काम करा, तिथे वारा असतो म्हणून डास कमी. डासांना हलक्यात घेऊ नका, डोक्यावरून घ्यायची जाळी प्रत्येकाला हवी.

ठाकुर्ली_एक्सप्रेस:
एक महत्त्वाचं राहिलं. नदीवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र लागतंच, पण ते इथून विकत घेऊन नेऊ नका आणि तिथलं इकडे आणूही नका, भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असलं यंत्र बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळांवर लोक अडकलेत. तिकडेच भाड्याने घ्या. इन्शुरन्समध्ये दुर्गम भागातून उचलून आणायचा खर्च धरलाय का ते पॉलिसी वाचून बघा, एजंट हो म्हणतो तेवढ्यावर राहू नका. परतताना अलास्कातलं स्कॅगवे करायचा मोह झाला तर अमेरिकेचा व्हिसा वेगळा.

मुलुंडची_रानवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! टेस्लिन आणि गाइड, ठरलं. लेक आत्ताच विचारतेय कोलाडला कधी जायचं. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट नेलं तर चालेल ना?

गोरेगावकर_वल्हेवाला:
न्या की, फक्त कॅनडात उतरल्यावर खाण्याचं सगळं डिक्लेअर करा. नदीवर भाजणी त्याच घट्ट डब्यात, आणि थालीपीठ लावलेलं तवा-ताट रात्री तंबूजवळ राहू देऊ नका. कॉटनचे कपडे घरीच ठेवा, ओले झाले की ऊब उरत नाही. प्रत्येकाचा एक लोकरीचा जोड ड्राय बॅगेत, तो फक्त झोपताना बॅगेतून काढून घालायचा.