नजर चुकवली म्हणजे संशयित?

'नजर चुकवतो, धड उत्तर देत नाही, मग पोलिसांनी संशय घेतला तर चुकलं काय?' असं बरेचदा विचारलं जातं. संशय येणारच, मान्य. पण पुढची दोन मिनिटं महत्त्वाची. रक्तातली साखर फार उतरली की माणूस अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, कधी अंगावरही येतो. बघणाऱ्याला वाटतं, झिंगलाय. फिट येऊन गेल्यावर काही वेळ भान नसतं, आणि धरायला गेलं की झटापट होते. स्वमग्न (ऑटिझम असलेली) व्यक्ती बरेचदा नजरेला नजर देत नाही. बहिऱ्याला तर 'थांब' ऐकूच येत नाही! यातलं एकही लक्षण गुन्ह्याचं नाही.

अशा वेळी पोलिसांनी काय करावं, यासाठी मेम्फिसचं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या या शहरात १९८७ मध्ये, हातात सुरी असलेला एक मनोरुग्ण तरुण पोलिसांच्या गोळीबारात गेला. त्यानंतर १९८८ मध्ये तिथे वेगळं पथक उभं राहिलं. स्वतःहून पुढे आलेल्या पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण, त्यात मनोविकारांची ओळख आणि बोलून ताण उतरवण्याचा सराव. शिवाय अशा माणसाला कोठडीऐवजी उपचारांकडे नेण्याची सोय. माझ्या मते खरी मेख या शेवटच्या गोष्टीत आहे. पोलिसाने ओळखलं नीट, पण न्यायचं कुठे हेच ठरलेलं नसेल, तर तो शेवटी बेड्याच घालणार.