चुना टाकूनही क्लोराइड 6,000. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (तेलकट द्रवात ओढून काढणं) जमेल का?

तारवाला, जळगाव एमआयडीसी
तारेच्या पिकलिंगचं (ॲसिडमध्ये बुडवून गंज काढण्याचं) छोटं युनिट आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडनंतरचं धुण्याचं पाणी चुन्याने न्यूट्रल करतो. पीएच साडेसात, लोखंड गाळात बसतं, पाणी निवळशंख. पण क्लोराइड लिटरला 6,000 मिलिग्रॅम, आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात 600! एकाने क्लोराइड ओढून घेतं म्हणून ट्रायऑक्टिल अमाइन हे तेलकट रसायन गळ्यात मारलं. रॉकेलमध्ये कालवून बरणीत पाण्याबरोबर हलवलं, क्लोराइड जागचं हललं नाही. काय चुकलं?

भुसावळकर
मोजलं कसं? सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनला पीएच 7 ते 10 लागतो.

जुना केमिस्ट, शिरपूर
भो, मोजणं ठीक असेल, क्रम उलटा झाला. अमाइन आधी ॲसिड धरतं, मग त्याच्यासोबत क्लोराइड रॉकेलमध्ये येतं. चुन्याने तुम्ही ॲसिडच मारलं; उरलेल्या कॅल्शियम क्लोराइडकडे ते ढुंकूनही बघत नाही. चुन्याआधीचं पाणी घ्या. मधे चिकट तिसरा थर आला तर रॉकेलमध्ये थोडं आयसोडेकॅनॉल (एक जड अल्कोहोल) घाला. मी ते न घालता एकदा अख्खी दुपार तो थर बसायची वाट बघत बसलो होतो.

एक मात्र सांगतो, क्लोराइड कुठे जात नाही. अमाइन पुन्हा वापरायला कॉस्टिक सोड्याने धुवाल तेव्हा एक किलो क्लोराइडमागे सव्वा किलोच्या आत-बाहेर कॉस्टिक जाईल आणि दीड किलोवर मीठ हातात येईल. ते कुठे टाकणार? वर थोडं अमाइन-रॉकेल पाण्यात राहून सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) वाढवतंच. आणि रॉकेलचा फ्लॅश पॉइंट चाळिशीच्या आसपास, आपल्याकडचा मे महिना त्याच्याही वर. पत्र्याच्या शेडमध्ये टाकी ठेवू नका.

तारवाला
आता तोच माणूस ॲलिक्वाट 336 (अमाइनच्याच घराण्यातलं रसायन) घ्या म्हणतोय, न्यूट्रल पाण्यातही चालतं म्हणे.

जुना केमिस्ट, शिरपूर
चालतं, पण ते येतंच क्लोराइड घेऊन. आधी बायकार्बोनेट किंवा सल्फेटच्या रूपात आणावं लागतं, नाहीतर देणं-घेणं सारखंच.

त्यापेक्षा हे सांगा, ॲसिडच्या टाकीवरून तारेचं भेंडोळं उचलल्यावर किती वेळ निथळू देता?

तारवाला
निथळू कुठे देतो... पोरं लगेच धुण्याच्या टाकीत सोडतात.

चुन्याआधीचं पाणी करून पाहिलं. 6,200 चं 3,900 झालं.

जुना केमिस्ट, शिरपूर
उरलेलं बरंचसं लोखंडाशी बांधलेलं, तिथे मोकळं ॲसिडच नाही. उद्या दोन मिनिटं निथळून बघा, म्हणजे तारेबरोबर धुण्याच्या पाण्यात जाणारं ॲसिडच कमी होईल, आणि धुण्याच्या टाक्या एकामागोमाग लावा, ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडून मागे आणा. आकडा इथे टाका.